कुंपणातला फोग

फोगाचं झुडूप अलगद माझ्या हातात आलं.

मी ते उपटलं नव्हतं. जमिनीवर ताणलेली टेप त्याच्या काड्यांत अडकली होती. ती सोडवायला म्हणून झुडूप जरा बाजूला सारलं, तर ते अख्खंच वर आलं. बुडाला एक मूळ नाही. ज्यांनी फोग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे वाळवंटातलं झुडूप आहे. पानं नावापुरती, बाकी सगळा हिरव्या काड्यांचा झाडू. पण मुळं वाळूत अशी खोल गेलेली असतात की बैल जुंपले तरी ते हलायचं नाही. आणि इथं मी ते केरसुणीसारखं हातात धरून उभी.

"काय लागलं?" केळुस्करसरांनी छत्रीखालून विचारलं. ते घडीच्या स्टुलावर बसून लिहीत होते.

"फोग," मी म्हणाले. सवयीनं.

"उंची?"

"सर, तुम्हीच बघायला या."

ते आले. झुडपाचं बूड त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, मग पुढचं झुडूप दोन बोटांनी उचललं. तेही आलं. तिसरंही. आम्ही आदल्या संध्याकाळी खुंट्या ठोकून जी ओळ आखून ठेवली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी हातभर अंतरात फोगच फोग उभा होता. त्याच्या पलीकडे खाणीचा डंप नेहमीसारखा, टकलावर चार केस असावेत तसा.

टेपचं दुसरं टोक गावातल्या हस्तूच्या हातात होतं. ती आमच्याकडे बघत नव्हती. टेप मात्र तिनं सैल पडू दिली नाही.

माझ्या लक्षात राहिली ती एकच गोष्ट. प्रत्येक झुडपाभोवती वाळूत बांगडीएवढं ओलं वर्तुळ होतं. कुणीतरी पाणी घातलं होतं. त्या मुलखात, जिथं बायका हंडा डोक्यावर घेऊन सकाळ घालवतात, तिथं मुळं नसलेल्या फांदीला पाणी.

हे पश्चिम राजस्थानातलं लूणेरी. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पस्तिशीत होते, केळुस्करसरांकडे नोकरीला. शिक्षण विचाराल तर दहावी, तीही गणितानं अडवलेली. सर ज्या कॉलेजात शिकवायचे तिथं मी आधी झाडं वर्तमानपत्रात दाबून वाळवायच्या कामावर होते. दाबता दाबता नावं पाठ झाली, नावांवरून झाडं कळू लागली आणि सरांनी कॉलेज सोडून सल्लागाराचा धंदा काढला तेव्हा ते मलाही उचलून घेऊन आले. ते म्हणायचे, मेटकरीबाई, तुम्हाला पदवी नाही म्हणून तुम्ही अजून झाडाकडे बघता. याला स्तुती म्हणायचं की पगार न वाढवण्याची प्रस्तावना, ते मला कधी कळलं नाही.

काम असं होतं. तिथल्या खाण कंपनीनं कोळशासाठी गावाचं गायरान घेतलं होतं. कोळसा काढून झाला की खड्डा भरायचा, वर माती सपाट करायची, तिच्यावर झुडपं जगवायची आणि जमीन गावाला परत करायची, असा करार. त्या भरावाला सगळे डंप म्हणत. डंपावरची झुडपं शेजारच्या न खणलेल्या रानाच्या निम्म्यानं तरी दाट झाली, की कुंपण काढून जमीन गावाची. नाही झाली, तर कंपनीनं आणखी चांगली वाळू आणून पसरायची, आणखी रोपं लावायची, आणि तोवर कुंपण तसंच. आम्ही दोन्हीकडे टेप लावायची, टेपला काय काय लागतं ते मोजायचं आणि कुठं काय कमी आहे ते सांगायचं. मी वाचून सांगायचे, सर लिहायचे.

आणि ते न खणलेलं रान म्हणजे गावाचं ओरण. आपल्याकडे देवराई म्हणतात, तसं. देवीच्या नावानं राखलेलं. मेंढरं चरली तर चालतात, पण माणसानं तिथली वाळकी काडीसुद्धा चुलीला न्यायची नाही. पायात चप्पल नाही, आणि लोखंड तर आत न्यायचंच नाही. त्या भागात दुसरीकडे कुठं खरं रान उरलेलंच नव्हतं, म्हणून तुलनेला तेच धरलं होतं.

हस्तू गावच्या राईका लोकांतली. राईका म्हणजे तिकडचे मेंढपाळ. कंपनीनं आम्हाला टेप धरायला म्हणून तिला दिलं होतं. माझं माहेर आटपाडीकडचं, आजोबा मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणात उतरायचे. ते तिला सांगितल्यावर तिनं मला आधी आपादमस्तक पाहिलं आणि मग विचारलं, मग तू ही नोकरी का करतेस. मी म्हटलं, मेंढरं संपली. तेव्हापासून ती मला बाईसा म्हणू लागली आणि तिच्या भाकरीतली अर्धी माझ्या पुढ्यात येऊ लागली. तिची मारवाडी आणि माझी हिंदी, दोन्ही एकमेकींना अंदाजानं कळायच्या. मेंढरांचं बोलणं असलं की तेवढं पुरतं.

तिची अडचण अशी होती. नवरा भानाराम उन्हाळ्यात कळप घेऊन माळव्याकडे चालत जायचा. दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं, तो एका पायानं गेला. आता कळप बाहेर नेणारं कुणी नाही. म्हणजे मेंढरं गावातच जगवायला हवीत, आणि गावातलं चरायचं रान कुंपणाच्या आत. होळीपर्यंत कुंपण निघालं नाही, तर कळप विकायचा हे घरात ठरलेलं होतं. खाटकाचा दलाल येऊन मेंढरांच्या पाठी चाचपून गेला होता. पाठ चाचपताना त्यानं एका मेंढीला नावानं हाक मारायचा प्रयत्न केला, हे सांगताना हस्तू हसली होती. म्हणाली, गिऱ्हाईकाशी गोड बोलायची सवय, दुसरं काय.

तर त्या सकाळी केळुस्करसर डंपावर उभे राहून रागानं खिशात गोळी शोधत होते. त्यांना साखरेचा आजार होता, राग आला की आधी खिशातली गोळी खायचे आणि मग ओरडायचे, त्यामुळे ओरडायची वेळ बहुतेकदा निघून जायची. त्यांचा संशय सरळ होता. जमीन परत केली की कंपनी जबाबदारीतून सुटते. तेव्हा हे काम कंपनीचंच. टेपची ओळ कुठं आहे हे त्यांच्याच माणसांना माहीत.

आम्ही तसेच ऑफिसात गेलो. तिथला साइट इंजिनिअर बोहरा हा गोड बोलणारा, गुबगुबीत माणूस. सरांनी त्याच्या टेबलाच्या काचेवर तीन झुडपं आणून टाकली. वाळू सगळीकडे सांडली. बोहरानं आधी चहा सांगितला, मग कचोरी, मग झुडपांकडे पाहिलं.

"हे आम्ही केलं असं तुम्हाला वाटतं?" तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं नव्हतं, गंमत वाटत होती. "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे रोपवाटिका आहे. खोटं करायचं तर कुंडीतली मुळांसकट लावली असती ना. आणि हे पाणी? आमचा टँकर तर बिघडून गॅरेजला पडलाय."

सरांना ते पटलं नाही. मला पटलं. कंत्राटदाराचा माणूस फांदी खोचून मोकळा होईल, पाणी कशाला घालेल. मी एक झुडूप उचलून त्याचं बूड पुन्हा पाहिलं. ते कुऱ्हाडीनं तोडलेलं नव्हतं, कोयत्यानंही नाही. ठेचलेलं होतं. दाभणानं उसवावेत तसे त्याचे तंतू बाहेर आले होते. मी झुडूप परत काचेवर ठेवलं. कचोरी चांगली होती, तीही खाल्ली. माणसाचं पोट फार निर्लज्ज असतं.

दुसऱ्या दिवशी ओरण.

तिथं टेपला लोखंडी खुंट्या चालत नाहीत म्हणून मी बाभळीच्या करून घेतल्या होत्या. सरांनी बूट काढले, पायमोजे काढले, पांढरेफटक पाय वाळूत ठेवताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. हस्तू मात्र सीमेच्या दगडापाशी थांबली. मी टेपचं टोक पुढं केलं तर तिनं हात मागं घेतले.

"आज मी आत येत नाही," ती म्हणाली.

बायकांची अडचण असेल असं मला वाटलं. सरांनी स्वतःच टोक धरलं आणि आम्ही आत शिरलो.

ओरण म्हणजे काही घनदाट नव्हतं. फोग, केर नावाचं काटेरी झुडूप, बोरडी, मधेच एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. पण डंपावरून तिथं आलं की कळायचं, जमिनीवर कुणीतरी राहत असल्यासारखं वाटणं म्हणजे काय. तितर पळायचे. वाळूवर सरड्यांची नक्षी असायची. त्या दिवशीही होती, पण मधे मधे उजाड दिसत होतं, आणि टेपला काही लागेना. मी "मोकळं, मोकळं" म्हणत पुढं जात होते. मग माझा पाय एका उंचवट्यावर पडला. मऊ लागला.

वाळू बाजूला केली तर शेणमातीचा गोळा. लिंपलेला. त्याखाली फोगाचा बुंधा, ठेचून तोडलेला.

बाजूला दुसरा. त्याच्या पलीकडे आणखी. प्रत्येकावर शेणमाती नीट हातानं थापलेली, बोटं उमटलेली. आमच्याकडे मेंढराला जखम झाली की असंच करतात, माश्या बसू नयेत म्हणून. एका बुंध्याजवळ गारगोटीचा धारदार दगड पडला होता, हिरव्या चिकानं माखलेला. लोखंड आत आणायचं नाही. म्हणून दगडानं तोडलं होतं. सगळं तोडलं, पण लोखंड आणलं नाही.

केळुस्करसर माझ्याशेजारी उकिडवे बसले. मग म्हणाले, "इकडचं कमी केलं आणि तिकडचं वाढवलं. दोन्ही बाजूंनी उत्तर जवळ आणलंय." आणि थोड्या वेळानं, "हस्तूला आपण काय मोजतो ते कुणी सांगितलं?"

मीच. भाकरी खाताना. ती विचारायची, मी सांगायचे. टेपला लागेल ते धरायचं, नाही लागलं तर सोडायचं. तिला ते हसू येण्यासारखं वाटलं होतं.

मी सीमेपाशी परत गेले. हस्तू दगडाला टेकून बसली होती, हातातल्या पांढऱ्या चुड्यांवरची वाळू पुसत. मी तिच्यासमोर बसले. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं.

"किती जणी होतात?" मी म्हणाले.

"मी तोडलं. बाकीच्या फक्त वाहून न्यायला होत्या. त्यांचं नाव घेऊ नको."

"मग पाणी कशाला घातलंस? कळलं नसतं कदाचित."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी बावळट बोलले असावे. "लावल्यावर पाणी घालतात, बाईसा. हात राहत नाही."

तिची सासू सांगायची, ओरणातली काडी मोडली तर सात पिढ्या वांझ होतील, असं ती म्हणाली. मग म्हणाली, तिला स्वतःला एकच मुलगा, तोही गुजरातेत कारखान्यात, तेव्हा देवीला न्यायला फारसं काही सापडणार नाही. हे तिनं विनोदानं सांगितलं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. तिनं त्या दिवसापासून मीठ सोडलं होतं. तेही मला दुसऱ्या बाईकडून नंतर कळलं.

"हस्तू, त्या डंपावर काही उगवत नाही," मी म्हणाले. "खालची माती खारट आहे. चांगली वाळू आणून टाकायला हवी त्यांनी, जाड थर. आम्ही तेच लिहिणार होतो. थोडी वर्षं जातील, पण नीट रान होईल."

"उगवत नाही ते मला दिसत नाही का?"

"मग कशाला हवंय ते?"

"कुंपणाच्या आत सोन्याचं गवत उगवलं तरी मला काय त्याचं. आधी कुंपण निघू दे. मग पाऊस पडेल, जे यायचं ते येईल, नाही आलं तर मी माझ्या जमिनीवर उभी राहून रडेन. आत्ता मला रडायलासुद्धा बाहेर उभं राहावं लागतं." ती थांबली. "आणि तुझी थोडी वर्षं माझ्या मेंढरांना कशी सांगू? होळीला दलाल येणार आहे."

मी चपलांतली वाळू झटकू लागले.

"तुला खोटं बोलायला सांगत नाही," ती म्हणाली. "तू फक्त फोग म्हण. फोगच आहे ना तो?"

तेवढ्यात सर मागून आले. बूट हातात. त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. ते हस्तूला काही बोलले नाहीत, तिच्यासमोर हात जोडले आणि जीपकडे चालू लागले. हस्तू मला म्हणाली, तुझा म्हातारा चांगला आहे, पण त्याला भूक लागलेली दिसत नाही कधी.

जीपमध्ये आम्ही दोघं बसून होतो. बाहेर वारा सुटला होता. सरांनी गोळी खाल्ली, बाटलीतलं पाणी प्यायले आणि मला विचारलं, मेटकरीबाई, तुम्ही काय म्हणता. इतक्या वर्षांत त्यांनी मला झाडांखेरीज कशाबद्दलही काय म्हणता असं विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, खरं लिहू. मला मनापासून तसंच वाटत होतं आणि अजूनही ते चूक वाटत नाही, हीच तर रड आहे. खोटं लिहिलं तर कंपनी खारट माती गावाच्या गळ्यात मारून मोकळी होणार. खरं लिहिलं तर निदान वाळू आणावी लागेल, झाडं लावावी लागतील. कळपासाठी काही मधला मार्ग काढता येईल, कुंपणाचा एक भाग आधी उघडा म्हणून सांगू. सरांनी मान हलवली. ते म्हणाले, कुणाचं नाव घालायचं नाही. अज्ञात व्यक्तींनी झुडपं तोडून डंपावर रोवल्याचं आढळलं, एवढंच. आणि वाळूच्या थराची शिफारस ठळक अक्षरांत.

तसंच लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते आम्ही टेप लावून केलं.

जिल्ह्याच्या गावी बैठक झाली तेव्हा मी सरांच्या मागे खुर्ची घेऊन बसले होते. सरकारी अधिकारी होते, कंपनीचे होते, लूणेरीचा सरपंच होता. बोहरानं आमचा अहवाल अगदी आदरानं उघडला. त्यानं त्यातलं एकही वाक्य खोडून काढलं नाही. उलट जोरानं वाचलं. ओरणात मोठ्या प्रमाणात तोड झालेली आहे. मग अहवाल मिटला आणि म्हणाला, आता प्रश्न असा, की जे रान गावकऱ्यांनीच तोडलं त्याला न खणलेलं, मूळ रान कसं म्हणायचं. नियमाप्रमाणे तुलनेची जागा अबाधित हवी. डॉक्टरसाहेबांनीच लिहून दिलंय की ती बाधित आहे. तेव्हा जागा बदलावी लागेल.

सर उठून उभे राहिले. ते म्हणाले, तोडलेलं धरूनसुद्धा ते रान डंपापेक्षा कितीतरी दाट आहे, आणि तोडलेले बुंधे पुन्हा फुटतील. फोग फुटतोच. अधिकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, पण बाधित आहे की नाही? सर म्हणाले, आहे. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं.

नवी जागा ठरली ती हमरस्त्याकडेची. वेडी बाभूळ, रुई आणि ट्रकवाल्यांनी टाकलेल्या बाटल्या. तिथं टेप लावायला आम्हाला बोलावलं नाही, दुसरी संस्था आणली. त्या जागेच्या मानानं डंप चांगलाच हिरवा ठरला. निम्मा काय, सवाई. वाळूच्या थराचं कुणी नाव काढलं नाही, कारण ज्याच्याशी तुलना करायची तिथंही वाळू नव्हती. बाहेर पडताना बोहरानं सरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, आपल्या कामामुळेच हे मार्गी लागलं. तो खोटं बोलत नव्हता. सरांनी पुढं खाणींची कामं घ्यायची सोडली. ते पापभीरू होते म्हणून नाही, त्यांना ते जमेनासं झालं.

होळीच्या आधी जमीन परत द्यायचा कार्यक्रम झाला. सर आले नाहीत. मी गेले. रजा काढून, दोन गाड्या बदलून गेले. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. कुंपण निघताना बघावं असं वाटलं.

उतरल्यावर आधी ओरणाकडे गेले. सीमेचे दगड होते. आत कुऱ्हाडीचे आवाज येत होते. माणसं उघडपणे फांद्या बांधून नेत होती, पायांत चपला. एकदा कुणीतरी हात लावला ना, एक म्हातारा मला समजावल्यासारखा म्हणाला, आता देवी तिथं कशाला बसेल. तोही मोळीवालाच होता.

डंपावर शामियाना होता. कुंपणाची तार गुंडाळून बाजूला ठेवलेली. सरपंचाला हार घातला, कागद दिला. मग बोहराला काय वाटलं कुणास ठाऊक, तो म्हणाला, ज्यांची मेंढरं इथं चरणार त्यांच्यातल्याच कुणाला तरी पुढं बोलवा. गावानं हस्तूला पुढं ढकललं. ओरण तिनं तोडलं हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, तिच्या घरचं पाणी पीत नव्हतं, पण पुढं ढकलायला तिचीच पाठ सगळ्यांना सापडली.

तिनं मला गर्दीत पाहिलं. ओळख दाखवली नाही आधी. मग जवळून जाताना म्हणाली, "खरं लिहिलंस तरी मिळाली बघ, बाईसा. मी उगाच तोडलं."

तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं.

कळप आत सोडला. भानाराम काठीला टेकून दुरून बघत होता. मेंढरं डंपावर चढली आणि मान खाली न घालता सरळ पलीकडच्या बाजूला निघाली, रस्त्यानं चालल्यासारखी. हस्तूनं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, ती थांबली. हुंगलं, आणि पुन्हा चालू लागली. कंपनीनं फोटोग्राफर आणला होता. तो चांगल्या मनाचा मुलगा होता, घामाघूम झाला होता. साहेब, चरताना एक तरी मिळायला हवा, तो म्हणाला. बोहरानं इकडंतिकडं पाहिलं आणि जीपमधून गवारीच्या चुरीचं, जनावरांच्या खाद्याचं पोतं काढायला लावलं. म्हणजे ते बरोबर आणलेलंच होतं.

एक माणूस चुरी टाकायला पुढं झाला, तर मेंढरं बुजली. परक्या हाताचं ती घेत नाहीत. सगळे हस्तूकडे बघू लागले.

मला वाटलं ती नाही म्हणेल. मी तिच्याकडे एक पाऊल टाकलंही. पण चुरी ती चुरीच, आणि मेंढरांच्या बरगड्या मला लांबूनही दिसत होत्या. तिनं पोतं कमरेवर घेतलं आणि डंपावर फिरत, पेरणी करावी तशी मूठमूठ टाकत गेली. कळप तिच्यामागे मान खाली घालून खात चालला. फोटो झाले. ओढणी जरा मागं, असं फोटोग्राफर म्हणाला, तिनं घेतली. हसा, म्हणाला. हसलीसुद्धा.

पुढच्या वर्षी कंपनीच्या कॅलेंडरावर तो फोटो आला. सरांनी मला पाठवला होता, मी तो लावला नाही.

शामियाना उतरवला, गाड्या गेल्या. मी मात्र थांबले होते. चुरी संपली तेव्हा मेंढरांनी माना वर केल्या आणि हस्तूच्या भोवती गोळा होऊन तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग तिनं पोतं उलटं करून झटकलं, आणि एकेकीसमोर धरून रिकामं दाखवत गेली.